पेजेची निवळ

यंदाही खुरासणी फुलली. जव्हारहून साखरशेतला जाणारी जीप शेवटचं वळण घेते तिथून डोंगराच्या अंगावरचे पिवळे तुकडे दिसायला लागतात. खाली खाचरांत भात पोटरीला आलेलं असतं, वरच्या उतारावर नागलीची कणसं मुठी आवळून उभी असतात, आणि मधल्या खडकाळ जागेत, जिथे दुसरं काही रुजलंच नसतं तिथे, ही खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, फुलं. बाहेरून येणाऱ्यांना हा काळ फार आवडतो. धबधबे अजून वाहते असतात, सकाळचं धुकं असतं. लोक गाड्या थांबवून फुलांत उभे राहून फोटो काढतात. मलाही तो डोंगर सुंदरच दिसतो. फक्त मी त्या फुलांत जाऊन उभी राहत नाही.

आमच्याकडचा हा काळ पिवळा तसाच उपाशी. कणगीत हात घातला की तळाला सारवलेलं शेण लागतं. नवं धान्य शेतात उभं असतं, डोळ्यांना दिसतं, पण तोंडात यायला अजून वेळ असतो. विहिरीचं पाणी गढूळ. माशा. मोखाड्याकडच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथे या दिवसांत हजेरी विरळ होते. विचारलं की मुलं सांगतात, "बाई, त्याचं पोट चालतंय." फार वेगळं काही घडल्यासारखं सांगत नाहीत, नांगर धरायला गेलाय म्हणावं तसं सांगतात.

माझा धाकटा भाऊ याच दिवसांत गेला. गोविंद. घरात सगळे त्याला गोंद्या म्हणायचे. भिंतीला धरून उभा राहायला लागला होता. मी तेव्हा दुसरीत होते. मला त्याचं आजारपण तुकड्यातुकड्यांनी आठवतं. अंगणात वाळत घातलेल्या, धुऊन धुऊन जीर्ण झालेल्या चिंध्या. भगताच्या खांद्यावरची घोंगडी आणि त्याचं 'पानी नको' म्हणणं. उंबऱ्यावर बसलेली आजी. आणि मला सारखं बाहेर पाठवत होते ते. "जा, शेळ्या बघ जा." शेळ्या तर समोरच चरत होत्या. मग बाबा त्याला फडक्यात गुंडाळून खांद्यावर टाकून जव्हारच्या दवाखान्याकडे निघाले. ओहोळाला पाणी होतं. पलीकडे जाता येईना. बाबा काठावर पाणी उतरायची वाट बघत बसले, आणि उतरल्यावर पलीकडे न जाता घरी परत आले. मी खुरासणीत उभी राहून त्यांना येताना पाहिलं. फडकं तसंच खांद्यावर होतं. मला वाटलं, गोंद्या झोपला.

पुढच्या जूनला बाबांनी मला जव्हारच्या वसतिगृहात नेऊन सोडलं. आमच्या घरात शाळेची ओढ कुणाला नव्हती. बाबांना सही येत नव्हती. वसतिगृहाच्या बाईंनी त्यांना विचारलं, "मुलीला काय करायचं आहे पुढे?" बाबा म्हणाले, "पुढचं नाय ठावं. हितं डागदर हाय ना गावात? मंग राहूं दे हितं." मी शिकले ती अशी. डॉक्टरच्या गावात एक तरी पोर असावं म्हणून. त्या वसतिगृहातल्या डाळीच्या वासापासून बी.ए.च्या निकालापर्यंत जे जे मिळालं, त्या सगळ्याचे उपकार मी मानते. बाईंचे मानते, बाबांचे मानते. आणि सगळ्यांत आधी कुणाचे मानायचे हे मला माहीत आहे, पण ते उपकार मानायचे कसे हे मला अजून कळलेलं नाही. गोंद्या जगता तर मी शेळ्यांमागेच राहिले असते.

चाळिशी उलटल्यावर मी शाळेतून रजा घेऊन मुंबईत सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. शाळेत मुलांची वजनं घ्यायचं काम माझ्याकडे होतं. या दिवसांत वजनाचा काटा मागे सरकताना बघून बघून वाटलं की हे फक्त लिहून ठेवण्यापलीकडे काहीतरी समजून घ्यावं. मुख्याध्यापक हसले. म्हणाले, "बाई, आता या वयात डॉक्टरीण होणार का? आमचं बीपी तरी बघत जा मग." घरी आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "सुई टोचाया शिकवतील?" म्हटलं, "नाही आये, सुई नाही. माणसं आजारीच पडू नयेत, त्याचं शिक्षण."  असं शिक्षण असतं यावर तिचा विश्वास बसला नसावा.

मुंबईच्या त्या वर्गात बहुतेक सगळे डॉक्टर होते. कुणी दातांचे, कुणी आयुर्वेदाचे, काही परिचारिका. वयानं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढे. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली. पहिले काही महिने इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाठ करण्यात गेले. एपिडेमिऑलॉजी हा शब्द मी भाकरी थापताना म्हणायची. शेजारी बसणारी ईशा दातांची डॉक्टर होती. मला अडलं की हळूच सांगायची आणि वर म्हणायची, "ताई, मी पण दातांपर्यंतचीच. घशाखालचं मलाही नवीनच आहे." त्या मुलीच्या त्या एका थट्टेवर मी पहिलं सत्र तरले.

सगळं शिक्षण हजारात चालायचं. हजार जन्मांमागे किती, हजार मुलांमागे किती. मला ते आवडायचंही. एकट्या माणसाचं दुःख हजारात घातलं की ते मोजता येतं, त्यावर काम करता येतं, हे मला पटलं होतं, अजूनही पटतं. पण फळ्यावर आलेख काढताना बालमृत्यूंची रेघ खाली उतरत आली की माझी नजर त्या रेघेच्या खालच्या मोकळ्या जागेत जायची. तिथे काही नसायचं. तिथे काय असायला हवं होतं ते मला कळायचं नाही.

मग अतिसाराचा धडा आला. लहान मूल जुलाबानं दगावतं ते जुलाबानं नव्हे, अंगातलं पाणी आटल्यानं. म्हणून पाणी द्यायचं, मीठ-साखरेचं, पेजेचं, जे घरात असेल ते. थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा. बाहेर पडलं तरी द्यायचं. आणि ज्या भागात घरचे लोक उलट पाणी तोडतात, थेंबही देत नाहीत, तिथे मुलं जास्त दगावतात. सर हे अगदी साध्या आवाजात सांगत होते. बाकीच्यांना ते आधीच माहीत होतं, कुणी लिहूनही घेत नव्हतं. मी लिहून घेत होते आणि माझं अक्षर मलाच वाचता येत नव्हतं. गोंद्या कशानं गेला हे मला त्या दुपारी कळलं. पावसानं नाही, देवीच्या कोपानं नाही. भगतानं त्याचं पाणी तोडलं होतं, आणि आजी उंबऱ्यावर बसली होती ती पथ्य राखायला.

त्याच आठवड्यात आणखी एक तास झाला. मूल गेलेल्या घरी जाऊन, त्यांना विचारून, मृत्यूचं कारण शोधायची एक रीत असते. ती आम्हाला एकमेकांवर करून बघायची होती. ईशा विचारणारी झाली, मी आई झाले. खोटी गोष्ट रचायची होती, मला दुसरी सुचली नाही. मी माझ्या आईच्या बोलीत बोलायला लागले. ईशानं शेवटी विचारलं, "पाणी देत होतात का त्याला?" मी म्हटलं, "नाय. तोडला व्हता." तिनं मान खाली घालून तसं लिहिलं. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "ताई, हे खरं होतं ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग तुमच्या आईला आता सांगणार?"

हा प्रश्न मी घरी घेऊन आले. सांगायचं काय? की आये, तुझ्या मांडीवरचं पोर तहानेनं गेलं, आणि तू त्याला पाजू शकत होतीस? बाबा गेले, आजी गेली, भगतही गेला. ज्याच्यावर राग काढावा असं कुणी उरलं नव्हतं. भगत काही वाईट माणूस नव्हता. गोंद्याला पुरताना तो बाबांच्या बरोबरीनं रडला होता. त्याचं स्वतःचं पोर असतं तर त्यालाही त्यानं तसंच ठेवलं असतं. उरली होती फक्त आई. मी जे शिकले त्याचा घाव बसणार होता तो तिच्यावरच. मी ठरवलं, गप्प राहायचं. अभ्यासाची पुस्तकंही साखरशेतला न्यायची नाहीत.

पण आईनंच विचारलं.

तेही खुरासणीचेच दिवस होते, माझ्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाचे. शनिवारी दुपारी मी घरी गेले होते. आई ओट्यावर उडदाच्या शेंगा सोलत होती, चुलीवर पेज शिजत होती. आमच्या घरातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. पेज शिजून खाली उतरवली की दाणा तळाला बसतो आणि वर पातळ पाणी राहतं, ती निवळ. गावातल्या इतर घरांत मुलं तीत मिठाचा खडा टाकून वाटीवाटीनं पितात. आमच्याकडे आई ती बैलांच्या घमेल्यात ओतायची. भुकेच्या दिवसांतही. आजी कुरकुरायची, "बैलांची लय माया हिला." मी लहानपणी मागितली तर आई म्हणायची, "थंड पडती. नको." बैल विकून झाल्यावर ती परसात ओतायला लागली. एवढ्या काटकसरी बाईची ही सवय मला कधी विचित्र वाटली नाही. आईच्या सवयी मुलांना विचित्र वाटत नाहीत.

त्या दुपारी शेंगा सोलता सोलता, वर न बघता आई म्हणाली, "तू ता आजाराचं शिकतंस. मंग सांग. आपला गोंद्या कशानं गेला?"

मी म्हटलं, "आता काय करायचंय आये ते. झाली ना वर्षं."

"तुला ठावं हाय. मला दिसतंय. आलीस तवापासून तू माझ्याकं बघं नाय."

मी काहीतरी पुटपुटले, जुलाब, पाऊस, ओहोळ. आईनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. म्हणाली, "तू नको सांगूस. मी सांगतंय. माझ्यानं गेला त्यो."

मग तिनं सांगितलं. भगत सांगून गेला होता की पोट कोरडं ठेवा, मी परत येईपर्यंत थेंब द्यायचा नाही. आजी उंबऱ्यावर बसली. गोंद्या पाण्याच्या हंड्याकडे बघायचा. रडायचा, पण डोळ्यांतून पाणी यायचं नाही. "त्याची जीब लाकडावानी झालती," आई म्हणाली. "मला नाय बघवला." मग ती त्याला घेऊन कणगीच्या मागे गेली. पेजेच्या मडक्यातली निवळ तिनं वाटीत काढून ठेवली होती, तीत मीठ होतं. वाटीचा आवाज होईल म्हणून तिनं पदराचं टोक भिजवलं आणि त्याच्या तोंडात दिलं. तो चोखायला लागला. आजीचा डोळा लागला की ती पुन्हा जायची. "चोखून चोखून पदर कोरडा करं. मंग माझ्याकं बघून हसला पन. मला वाटला, वाचला." दुसऱ्या दिवशी पुन्हा जुलाब लागले. आजी मांडीवरून त्याला खाली ठेवेना, आईला कणगीमागे जाता येईना. मग बाबा त्याला घेऊन निघाले.

"भगत मंग बोलला, कोनीतरी पथ्य मोडला. देवाला ठावं हाय कोनी." आईनं माझ्याकडे बघितलं. "मी मोडला. तुझ्या बाला पन नाय सांगितला कवा. ता पेजंचं पानी बघितला का माझे हात कापतात."

इतक्या वर्षांची ओतून टाकलेली निवळ माझ्या डोळ्यांसमोर आली. घमेल्यात, परसात, केळीच्या बुंध्याशी. आणि वर्गात मी तिच्या तोंडानं दिलेलं उत्तर आठवलं. नाय. तोडला व्हता.

मला रडू येत होतं आणि एकीकडे मोठा आनंदही झाला होता. जे सांगायला मी भीत होते ते सांगायची गरजच नव्हती. आता सांगायचं होतं ते नेमकं उलट. मी आईचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "आये, ऐक. तू दिलंस तेच औषध होतं. मोठे मोठे डॉक्टर आज तेच सांगतात. मीठ घातलेलं पेजेचं पाणी. अख्ख्या घरात बरोबर वागलेली तू एकटी होतीस. तुझ्यामुळे नाही गेला तो. तुझ्यामुळे एक दिवस जास्त जगला."

मला वाटलं होतं, आई रडेल. मोकळी होईल. पुस्तकांतून आणलेली एवढी एक चांगली गोष्ट मी तिच्या ओटीत घातली होती. आई समोरच्या डोंगराकडे बघत राहिली. चुलीवरची पेज उतू गेली, जाळ चरचरला, ती उठली नाही. मग अगदी हळू म्हणाली, "मंग आनखी द्याया पायजे व्हता."

मी उठून चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"चोरून कशाला दिला मी? समद्यांदेखत द्यायाचा. म्हातारीनं काय केला असता? मारला असता मला. पोर ता राहिला असता."

  मी ज्या ओझ्याखालून तिला काढायला गेले, त्याच्या जागी मी दुसरं ठेवलं होतं, आणि हे नवं ओझं पहिल्यासारखं खोटं नव्हतं, म्हणून उचलून फेकता येण्यासारखं नव्हतं. पहिल्या दुःखात निदान देव होता, पथ्य होतं. या दुसऱ्यात फक्त एक वाटी होती आणि ती पुरेशी भरली नाही एवढंच होतं. मी म्हटलं, "तुला कोण सांगणार होतं तेव्हा?" ती म्हणाली, "माझा हात सांगत व्हता की. हातानंच काढून ठेवला व्हता ता पानी."

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मीही नाही. परीक्षेला अतिसारावर प्रश्न आला, मी सगळं व्यवस्थित लिहिलं. पास झाले. पदवीचा कागद आईला दाखवला तेव्हा तिनं हात पदराला पुसून तो घेतला, उलटा धरून बघितला आणि देव्हाऱ्यापाशी टेकवून ठेवला. मी चोरून तिच्या तोंडाकडे बघत होते. ज्ञानानं माणसाचं भलं होतं हे मी वर्गात मुलांना रोज सांगते. त्या दिवशीही ते मला खोटं वाटलं नाही. फक्त त्यात भलं होण्याआधीचा काळ कधी कधी फार लांब असतो, आणि काही जणांचं आयुष्य त्या काळातच संपतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

यंदा खुरासणी फुलली तशी मी परवा घरी गेले. शेजारच्या वनिताच्या पोराला जुलाब लागले होते. वनिता म्हणजे आमच्या शेजारणीची सून, वांगणीकडची पोर, पहिलंच बाळंतपण झालेली. आरोग्यखात्याची आशाताई मीठ-साखरेच्या पुड्या देऊन गेली होती, त्या फळीवर तशाच होत्या. वनिताची सासू म्हणत होती, "दिला का लगेच भाहेर येतं. मंग कशाला द्यायाचा? पोट थकतं पोराचं." वनिता पोराला घेऊन आतल्या अंधारात बसली होती. मी सासूला समजावायला लागले. माझं बोलणं बरोबर होतं आणि लांबत चाललं होतं.

आई तिथून कधी उठून गेली ते मला दिसलं नाही. परतली तेव्हा तिच्या हातात आमच्या घरची वाटी होती, निवळीनं काठोकाठ भरलेली. चालताना ती तिच्या पायांवर सांडत होती.  ती सरळ आत गेली, वनिताच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि बाहेर ओट्यावर, उजेडात, आणून बसवलं. सासूला म्हणाली, "तू बी बस हितं. बघ." मग वनिताला म्हणाली, "दे. समद्यांदेखत दे."

वनितानं चमच्यानं पाजलं. पोरानं घेतलं. थोडं ओकलं. सासू म्हणाली, "बघ, सांगितला ना मी." आई म्हणाली, "ओकूं दे. आनखी दे." मी पुडी कालवून आणली, कुणीतरी जव्हारला जाणारी जीप थांबवायला गेलं. आता ओहोळावर पूल आहे, जीप थेट दवाखान्यापर्यंत जाते. आई वाटीवरून हलली नाही. वनिताचा हात थांबला की म्हणायची, "आनखी." गावातल्या बायका भोवती जमल्या होत्या. माझी आई चारचौघांत कधी आवाज चढवून बोललेली मला आठवत नाही.

जीपमध्ये चढताना वनितानं पोराला क्षणभर आईकडे दिलं. आईचा पदर निवळीनं भिजला होता. पोरानं त्याचं टोक मुठीत धरलं, तोंडात घातलं आणि डोळे मिटून चोखायला लागलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. वनितानं हात पुढे केले. आई पोराकडे बघत होती, तिनं पदर सोडवून घेतला नाही.

"असाच," ती म्हणाली.